अण्णांचा वर केलेला हात

आमच्या घरी नवा पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी आधी सांगाव्या लागत. एक म्हणजे मोरी कुठं आहे ते, आणि दुसरी, अण्णांनी डावा हात वर केला की तोंडातून अक्षर काढायचं नाही. मोरी सगळ्यांना सापडे. दुसरी गोष्ट भल्याभल्यांना जमत नसे. अण्णा म्हणजे माझे वडील. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा त्यांचा धंदा होता. माझे आजोबा सुतार, मोटेची चाकं आणि बैलगाड्या करण्यात त्यांचा जन्म गेला. विहिरींवर वीज आली, मोटा गेल्या, तशी अण्णांनी रंधा आणि पटाशी भिंतीला टांगली, सांगलीच्या एका वर्कशॉपात तीन वर्षं काढली आणि हा नवा धंदा शिकून रहिमतपुरात परत आले. स्टँडपासून थोडं आत आमचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मग फरशीचं छोटं अंगण आणि त्यामागे राहायच्या दोन खोल्या. थोरला भाऊ मी दहावीत असतानाच फौजेत गेला, त्यामुळे ज्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं आहे तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो.

मोटार भरणं म्हणजे काय, हे आता माझ्या नातवंडांनाही समजावून सांगावं लागतं. मोटारीतली तांब्याची तार जळून काळी पडते. ती सगळी काढायची, काढताना तिचे फेरे मोजायचे आणि नवी तार बरोबर तितक्याच फेऱ्यांनी घालायची. फेरे कमी पडले की मोटार तापते आणि महिन्याभरात पुन्हा दुकानाच्या पायरीवर येते. साधी मोटार त्यातल्या त्यात सोपी. बोअरची मोटार मात्र लांब नळकांड्यासारखी असते, तिच्या अरुंद खाचांतून तार हातानं एकेक करून ओवावी लागते, या टोकानं घाला, त्या टोकानं ओढा, असं तास-दोन तास एका बैठकीत चालतं. बाकीचे कारागीर दर दहा फेऱ्यांनी फरशीवर खडूची रेघ मारत. अण्णांना तो कमीपणा वाटे. "खडू लागतोय त्यानं दुसरा धंदा बघावा," असं ते म्हणत. त्यांची सगळी मोजणी ओठांवर असायची. ओठ हलत राहायचे, आवाज नाही, आणि कुणाची चाहूल लागली की मान वर न करता डावा हात क्षणभर वर जायचा. मग येणारा जिथं असेल तिथं उभा. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, नाहीतर आमच्या गणिताच्या बाई असोत. बाई एकदा माझे मार्क सांगायला आल्या होत्या. अर्धा तास दारात उभ्या राहून त्यांना इतका घाम फुटला की हात खाली आला तेव्हा पाणी पिऊन त्या तशाच निघून गेल्या. त्या दिवशी मी देवाला साखर ठेवली.

खंडाळ्याच्या मामाला मात्र हे पचलं नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो आला, अण्णांचा हात वर गेला, मामानं थोडा वेळ वाट पाहिली आणि पत्रिका उंबऱ्यावर टाकून तो आल्या पावली परत गेला. दोन वर्षं येणं-जाणं बंद होतं. आई अण्णांना त्यावरून येता-जाता टोचायची. "माज्या माहेरचा माणूस दारातनं परत धाडला ह्यांनी, तारंपायी!" अण्णा भाकरी मोडत म्हणायचे, "तार नीट बसली न्हवं? मग मामा बी बसंल कवातरी." यावर तिघंही हसायचो. आईचं हसू गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. तिचं बोलणंच मोठं होतं. भाजीवाली अजून चार घरं लांब असायची तेव्हाच आईनं तिच्या मेथीला नावं ठेवायला सुरुवात केलेली असे. एकीकडे फोडणी, एकीकडे शेजारणीशी भिंतीवरून गप्पा आणि तिसरीकडे माझ्यावर ओरडणं, हे सगळं ती एकाच दमात करी. अण्णांनी हात वर केला की मात्र तीही गप्प होई. चहाचा कप त्यांच्या उजव्या गुडघ्याशी आवाज न करता ठेवायचा, ही कला फक्त तिलाच साधली होती.

अण्णा नुसते कामाचे राक्षस होते असं नाही. संध्याकाळी रॉकेल आणि लाकडाच्या भुशानं हात घासून, मग साबण लावून ते आत आले की ते आमचे असायचे. कितीही धुतलं तरी वार्निशचा वास जात नसे आणि आमच्या भाकरीलाही तो थोडासा येई. ओल्या दिवसांत मोटारी वाळवायच्या पत्र्याच्या पिंपावर आई कुरडया वाळवायची, त्या तर सरळ वार्निशच्याच लागायच्या. आम्ही त्या खाऊन वाढलो आणि ठणठणीत राहिलो. आई तापानं पडली की माझी वेणी अण्णा घालत. पेड इतके घट्ट ओढत की डोळे ताणले जायचे आणि ती वेणी दोन दिवस सुटत नसे. आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारलं. मी पाचवीत होते. पळण्याच्या शर्यतीत पहिली आले म्हणून धावत दुकानात शिरले आणि "अण्णा!" म्हणून ओरडले. दीड तासाची मोजणी गेली. त्यांनी उठून एक ठेवून दिली. संध्याकाळी बाजारातून भेळ आणली, माझ्या शेजारी बसून पुडा सोडला आणि माझ्याकडे न बघता शर्यतीत आणखी कोण कोण होतं ते विचारत राहिले. पुन्हा त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. पुन्हा मी त्यांना मोजणीत कधी हाक मारली नाही.

तो उन्हाळा बारावीची परीक्षा देऊन झाल्यानंतरचा. एका वस्तीची पिण्याच्या पाण्याची बोअरची मोटार जळून आली होती. पन्नासभर घरं त्या एका बोअरवर होती आणि बायका मैलभर लांबून घागरी आणत होत्या. वस्तीवरचे संपतराव आणि त्यांच्याबरोबरचा एकजण सकाळीच जीप घेऊन आले आणि मोटार घेतल्याशिवाय हलत नाही म्हणून दुकानातल्या बाकावर बसले. अण्णा जेवले आणि लगेच तार ओवायला बसले. आई सकाळपासून उन्हात कुरडयांवर वाकलेली होती. दुपारी ती आत आली, उंबऱ्याशी थांबली आणि उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "शोभे, हाताला मुंग्या आल्यात गं. पाटी धरंना झालीया." मी हसले. म्हणाले, कुरडया तूच कर म्हणून कुणी सांगितलं होतं. मी काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण तिची जीभ धड असतानाचं आमचं ते शेवटचं बोलणं होतं.

ती भिंतीला टेकून बसली. मी लिंबाचं सरबत केलं. पिताना ते ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं आणि तिला ते कळलंच नाही. तेव्हा मला भीती वाटली. "अण्णांना बोलावते," म्हणून मी उठले तर तिनं डाव्या हातानं माझा परकर धरला. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "नगं. मोजत्याती. लोकांचं पानी आडलंय. ऊन लागलंय नुस्तं." मी कांदा फोडून तिच्या तळव्यांना चोळला. आमच्याकडे उन्हावर तेच करत. चोळताना तिचा उजवा पाय माझ्या हातात ओझ्यासारखा पडून होता. मी उठले आणि अंगण ओलांडून दुकानाच्या दारात गेले. अण्णा मांडी घालून मोटारीवर वाकलेले, ओठ हलताहेत. संपतराव आणि तो दुसरा माणूस भिंतीला डोकं टेकून बसलेले. माझी सावली आत पडली आणि अण्णांचा डावा हात वर गेला.

मी थांबले. किती वेळ थांबले ते सांगता येत नाही. मग परत आईकडे गेले. ती डोळे मिटून होती, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसत होतं. पुन्हा गेले. पुन्हा हात वर. संपतरावांनी माझ्याकडे बघून "थांब जरा पोरी" अशी खूण केली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. माझं तोंड उघडं होतं, शब्द तोंडात होते, आणि ते बाहेर येत नव्हते. बारावी झालेली, सतरा वर्षांची मुलगी मी. आज वर्गात मुलांना शिकवून शिकवून माझा आवाज असा झालाय की तिसऱ्या मजल्यावरून खालच्या पोराला दम देऊ शकते. त्या दिवशी मला "अण्णा" म्हणता आलं नाही. मी पुन्हा आत पळाले. आईला हाक मारली तर तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि काहीतरी बोलली. त्यात एकही शब्द नव्हता. मी तिसऱ्यांदा दुकानाच्या दारात गेले, हात वर गेला, मी तशीच रडत उभी राहिले, आणि काही वेळानं तो हात खाली येऊन अण्णा म्हणाले, "झालं. बोल, काय गं?" अंगणातलं ऊन तोवर भिंतीवर चढलं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा ते तुळशीपाशी होतं. एक तास तरी नक्की, बहुतेक जास्तच.

मोटार न्यायला आलेल्या जीपमध्येच आईला घातलं. साताऱ्यापर्यंत अण्णांनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि ते सारखं "सुमन, आगं सुमन, बोल की" म्हणत होते. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी विचारलं, "हे कधी सुरू झालं? किती वेळ झाला होता तुम्हाला कळेपर्यंत?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या शर्टाला आईच्या तोंडातली लाळ लागलेली होती, बोटांना तारेचे वळ होते. इतका घाबरलेला मोठा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. मी म्हणाले, "लगेचच. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील." डॉक्टरांनी लिहून घेतलं. हे खोटं मी अण्णांसाठी बोलले की स्वतःसाठी, याचा विचार मी पुढं पुष्कळ केला आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं.

आई वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला, "बरं." भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, रडतानाही बरं. सांगलीला व्यायाम शिकवणारा एकजण चांगला आहे असं कळलं, म्हणून अण्णा तिला दर आठवड्याला रेल्वेनं न्यायचे. डब्यात चढवताना पाठकुळी घ्यायचे. त्या माणसानं सांगितलेला एकेक व्यायाम घरी करून घ्यायचे, दुकानाच्या आढ्याला लोखंडी चाक बसवून त्यावरून दोरी सोडून तिचा हात वरखाली करायची युक्ती त्यांनीच काढली. सगळ्या मोटारी सुरू करून देणारा माणूस, त्याला वाटत होतं इथंही कुठली तरी तार सापडेल. सापडली नाही. वर्षभरानं त्या व्यायामवाल्यानंच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच करा, येण्याची दगदग नको. परत येताना गाडीत अण्णा खिडकीबाहेर बघत होते आणि आई त्यांच्या बाहीला धरून "बरं, बरं" म्हणत होती.

माझे खरे हाल झाले ते वेगळेच. अण्णा येईल त्याला सांगायचे, "पोरगी पळत आली म्हणून वाचली ही. जरा जरी उशीर केला आसता तरी संपलं हुतं." शेजाऱ्यांना सांगितलं, भावाला पत्रात लिहिलं, मला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढेसुद्धा सांगितलं. माझ्या लग्नात निरोप देताना सासूबाईंचा हात धरून म्हणाले, "हिच्यामुळं माजा संसार ऱ्हायला." आई खुर्चीवर बसलेली होती. ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "बरं." त्या बघण्यात काय होतं ते मी चाळीस वर्षांत ओळखू शकले नाही. खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक, असं मी धरून चालले होते. तिला सांगता येत नव्हतं आणि माझ्यात हिंमत नव्हती. सांगलीला सासर, इथंच शाळेत नोकरी, दोन मुलं, सगळं रीतसर झालं. पण रहिमतपूरला जायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून ते पुढं ढकलत असे. आता टीव्हीवर सांगतात की अशा दुखण्यात पहिले काही तास फार महत्त्वाचे. ते लागलं की मी उठून आत जाते. त्या काळी लवकर नेऊनही काही झालं असतं का, हे विचारावं असं कितीदा मनात आलं. माझा जावई डॉक्टर आहे. त्यालाही विचारलं नाही.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत अण्णांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली. दुकान त्यांनी हळूहळू कमी करत बंद केलं. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांना सांगलीला आणलं. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत बसले होते. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात ते म्हणाले, "तू तीनदा आली हुतीस."

मला काय ते लगेच कळलं. माझे हात थांबले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "तीन येळा. मी बघितलं हुतं तुला. लोकांस्नी मी सांगत ऱ्हायलो पळत आली, पळत आली. तुला कुनी बोल लावू नये म्हनून."

"अण्णा, तुम्ही मोजत होता," मी म्हणाले. "तुमची काय चूक?"

त्यांनी डोळे उघडले. "न्हवतो मोजत. पैल्यांदा तुजी सावली पडली, तवाच आकडा गेला. किती झालं ते डोक्यातनं पुसलंच गेलं. संपतराव बसला हुता म्होरं. सकाळी त्या दुसऱ्या गड्याला सांगत हुता, अण्णांचा आकडा कवा चुकत न्हाई. मग त्येच्या म्होरं कसं म्हनू चुकला म्हनून? हात वर केला. तार वडत ऱ्हायलो."

"तुमचे ओठ हलत होते."

"नुस्तं हलवत हुतो."

खोलीत पंखा फिरत होता. "ती मोटार दुसऱ्या दिवशी येऊन सगळी उसवली," ते म्हणाले. "तुमी दोगी दवाखान्यात हुता. परत भरली. खडू घेऊन."

मला त्यांचा राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. चाळीस वर्षं मी त्या दारात उभी होते, आणि मोजणी अशी काही चालूच नव्हती. ओरडावंसं वाटलं, आणि समोर तर हाडांचा एक सापळा पडलेला, त्याला मुतायलासुद्धा माझा हात लागत होता. मी पुन्हा पाय चेपायला लागले. काय करणार होते?

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "शोभे, तुज्या आईला कळलं आसंल का गं? मी मोजत न्हवतो ते?"

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. नाही अण्णा, तिला काही कळलं नव्हतं, एवढं म्हणायचं होतं. खोटं बोलायची मला सवय होती, सबंध आयुष्य त्यावरच काढलं होतं. पण रागात होते, दमलेली होते, आणि तोंडातून खरं तेच आलं. "मला माहीत नाही, अण्णा."

ते हळूच कुशीवर वळले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्रीपासून त्यांनी पाणी सोडून काही घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी गेले. शेवटपर्यंत मी जवळ होते, हातात हात होता, तरी तेवढं एक वाक्य बोलायला माझं तोंड उघडलं नाही.